मदत हवी आहे: लेझर स्पेकलचा कॉन्ट्रास्ट दुपारी का घसरतो?

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कॉलेजात फिजिक्सच्या प्रोजेक्टसाठी लेझर स्पेकल इमेजिंगचा सेटअप जुळवलाय. ७८५ नॅनोमीटरचा लेझर डायोड, मोनोक्रोम कॅमेरा, एक्स्पोजर ५ मिलीसेकंद. हाताच्या पाठीवर लेझर पसरवून टाकतो, की कॅमेऱ्यात उजळ-काळ्या ठिपक्यांची दाणेदार नक्षी दिसते, तीच स्पेकल. रक्त जोरात वाहतं तिथे ठिपके पुसट होतात. ७ बाय ७ पिक्सेलच्या चौकटीत उजळपणाचं प्रमाण विचलन भागिले सरासरी, हा झाला कॉन्ट्रास्ट. दंडाला बीपीचा पट्टा आवळला की तो वाढतो, सोडला की झटकन खाली. इथवर झकास.

गडबड दुपारची. नवतपा चालू आहे, लॅबमध्ये फक्त कूलर. दुपारी कॉन्ट्रास्ट कमी येतो. उन्हाने त्वचेतला रक्तप्रवाह वाढतो हे मान्य, पण पांढऱ्या टाइलवरही तो घसरतो, आणि टाइलमध्ये कुठलं आलंय रक्त! कूलर बंद केला की थोडा सुधारतो, म्हणजे टेबलाचं कंपन आहेच. पण पूर्ण सुधारत नाही. माझा संशय डायोडवर: तापला की मोड (म्हणजे कुठल्या तरंगलांबीवर चालतो ते) बदलत असावा आणि कोहेरन्स (प्रकाशलहरींचा एकमेकींशी ताळमेळ) ढासळत असावा. कॅमेऱ्याचा ऑटो गेन (आपोआप उजळपणा कमी-जास्त करणं) बंद आहे, ठिपका दोन पिक्सेलपेक्षा मोठा ठेवलाय.

हे स्पेक्ट्रोमीटरशिवाय ताडून बघता येईल का? डायोडला पेल्टिअर (विजेवर थंड करणारी चकती) लावला तर त्याच्या पंख्याचं कंपन नवीन डोकेदुखी होईल का? आणि टाइलच्या कॉन्ट्रास्टने भागून त्वचेचं रीडिंग दुरुस्त केलं तर चालेल? सर म्हणतात चालेल, मला पटत नाही. नागपूर-अमरावतीकडे कुणी हे केलं असेल तर सांगा भाऊ.