एकटीने फ्लॅट घ्यायचाय: वारसांचं मुखत्यारपत्र, कर्ज आणि हातात किती रक्कम हवी?

कुर्टीची
नमस्कार. गोव्यात फोंड्याला, कुर्टीत, १२ वर्षं जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट बघितलाय. भाव ५६ लाख. फ्लॅट विकणाऱ्या भावंडांच्या वडिलांच्या नावावर आहे, त्यांचे आईवडील दोघंही वारलेत. मुलगा बायकोसह लिस्बनला, मुलगी लग्न होऊन मडगावला. भावाचं मुखत्यारपत्र घेऊन बहीणच सगळ्या सह्या करेन म्हणते. मी अविवाहित, नोकरी करते, कर्ज माझ्या एकटीच्या नावावर घेणार. कागदांत काय बघू? आणि कर्ज सोडून पदरचे किती लागतील?

दस्तऐवज
ताई, आधी वारसांचं बघा, किमतीची घासाघीस नंतर. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, वारशाने आलेलीसुद्धा. म्हणजे या फ्लॅटला विकणारे दोन नाहीत, चार आहेत: मुलगा, त्याची बायको, मुलगी, तिचा नवरा. भावाच्या मुखत्यारपत्राने वहिनीची सही होत नाही. तिचं स्वतःचं हवं, किंवा दोघांचं मिळून एक. ते तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित झालेलं असावं आणि इथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरलेला असावा. मुखत्यारपत्रात 'विक्री' हा शब्द आणि या फ्लॅटचं वर्णन आहे का, ते नीट वाचा. 'मालमत्तेची देखभाल' एवढ्यावर विक्रीखत होत नाही.

वारस नेमके किती, हे बहिणीच्या तोंडच्या शब्दावर धरू नका. वारसा दाखला देणारं सक्सेशन डीड मागा. इन्व्हेंटरी, म्हणजे न्यायालयातून वारसांची वाटणी, झाली असेल तर न्यायालयाच्या आदेशाची प्रत घ्या. एखादा भाऊ आधी वारला असेल तर त्याची मुलं वारस लागतात. नेमकी तीच नावं गाळली जातात आणि पुढे दावा त्यांच्याकडूनच येतो.

त्यानंतर इमारतीखालची जमीन. सर्व्हे नंबर घेऊन एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्कांची नोंद) काढा. शहरी सर्वेक्षणात असेल तर तसाच डी फॉर्म. फक्त कब्जेदाराचं नाव बघून थांबू नका, कुळाचा आणि इतर हक्कांचा रकानाही बघा. तिथे मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं) नाव असेल तर पंचायत हद्दीत घरासकट ३०० चौरस मीटरपर्यंत, पालिका हद्दीत २०० चौरस मीटरपर्यंत त्याचा हक्क लागू शकतो. मग सनद (जमीन बिगरशेती केल्याचा आदेश), बांधकाम परवाना, ऑक्युपन्सी दाखला, आणि सब-रजिस्ट्रारकडून ३० वर्षांचा बोजा नसल्याचा दाखला. बँकेचा वकील तपासतो म्हणून तुम्ही सोडू नका, तो बँकेचं हित बघतो. आपला वकील वेगळा लावा, आणि जुनी पोर्तुगीज नोंद वाचता येणारा. पोर्तुगीज काळातल्या खोट्या दस्तांवरून जमिनी लाटल्याची प्रकरणं इतकी झाली की २०२२ मध्ये सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं.

हप्त्याचं_गणित
पैशांचं सांगतो. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देऊ शकते. पण किंमत कोणती? करारातली आणि बँकेच्या मूल्यांककाची, यांतली कमी असेल ती. जुन्या फ्लॅटला लोक अडकतात ते इथेच. समजा त्याने ५२ लाख लावले. कर्ज ४१.६ लाख, पदरचे १४.४ लाख. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च एवढ्या किमतीच्या घराला बँक कर्जात धरत नाही. नेमका आकडा नोंदणी कार्यालयातून घ्या, तोवर वकिलाच्या फीसकट ८ टक्के, म्हणजे साधारण ४.५ लाख, बाजूला ठेवा. झाले जवळजवळ १९ लाख. ८.५ टक्के दराने २० वर्षांना लाखामागे ८६८ रुपये, म्हणजे हप्ता ३६,१०० च्या आसपास. मिळवता हात एकच आहे, म्हणून सहा हप्ते, सव्वादोन लाख, मुदत ठेवीत वेगळे ठेवा आणि त्यांना रंगकामासाठी हात लावू नका.

कर्जासोबत बँक एकरकमी विमा गळ्यात मारते. तो घेणं सक्तीचं नाही. साधा टर्म विमा बाहेरून घ्या.

टीडीएस, म्हणजे विक्रेत्याला पैसे देताना कापून भरायचा आयकर, विसरू नका. एकूण भाव ५० लाखांवर आहे, म्हणून बहिणीकडच्या २८ लाखांवर १ टक्का, २८,००० रुपये कापून भरायचे. लिस्बनच्या हिश्श्याला हा दर नाही. अनिवासी विक्रेत्याची कपात बरीच जास्त असते, आणि कमी कापलीत तर आयकर खातं तुम्हाला धरतं. कमी कपातीचा दाखला त्याने स्वतः आयकर खात्याकडून आणायचा. तो यायला वेळ लागतो, तेव्हा विसार देण्याआधीच त्याला अर्ज करायला लावा. आणि विसाराच्या करारात एक कलम घाला: मालकीहक्काच्या दोषामुळे बँकेने कर्ज नाकारलं तर विसार पूर्ण परत.

चिरेबंदी
कागद झाले, आता भिंती. वरचा मजला आहे, तर फ्लॅट जुलैत बघा, तेही दोन दिवस सलग पाऊस पडल्यावर. वारा-पाऊस नैऋत्येकडून येतो, म्हणून त्या बाजूची भिंत आणि खिडक्यांच्या खालचे कोपरे हाताने चाचपा. कपाट पुढे ओढून मागची बुरशी बघा. छतावर पिवळसर वर्तुळं असतील तर गच्चीवर जा: पत्रे घातलेत का, ते परवानगीने का, आणि पावसाळी पाइपांची तोंडं मोकळी आहेत का. ऐन पावसात एकाच भिंतीला नवा रंग दिसला तर त्याचं कारण विचारा. खाली सेप्टिक टाकी केव्हा उपसली तेही विचारा. पावसात भूजल वर आलं की टाकी तुंबते आणि वास सगळ्या जिन्यात.

कुर्टीची
खूप आभार. चार सह्यांचं मला ठाऊकच नव्हतं! मग पुढे माझं लग्न झालं तर हा फ्लॅट?

दस्तऐवज
करार न करता इथे लग्न नोंदवलंत तर निम्मा नवऱ्याचा होतो, फ्लॅट लग्नाआधीचा असला तरी, आणि विकताना त्याची सही लागते. फ्लॅट तुमच्या एकटीचाच राहावा असं वाटत असेल तर विवाहपूर्व करार सार्वजनिक दस्ताने करावा लागतो. संपूर्ण विभक्त मालमत्ता, किंवा फक्त लग्नानंतर मिळवलेलं सामाईक, असे पर्याय आहेत. लग्न लागल्यावर मात्र तो करता येत नाही, बदलताही येत नाही. बोलणी चालू असतानाच विषय काढा, त्यात संकोच नको.

मृत्युपत्राचंही आत्ताच बघा. मुलं नसताना आईवडील हयात असतील तर निम्म्या मालमत्तेवर त्यांचा राखीव हक्क असतो, उरलेली निम्मीच तुम्ही हव्या त्या माणसाला देऊ शकता. सोसायटीत नामनिर्देशन केलं म्हणून तो माणूस मालक होत नाही.