प्रतिसाद: भरपाई मिळते, पण कधी आणि कोणाला?

जहाजामुळे समुद्र घाण झाला तर कोळ्यांना भरपाई मिळते का, या चर्चेत वर कोणीतरी म्हटलंय की "कंपनी श्रीमंत असली की भरपाई वसूल होतेच". एक्सॉन या तेल कंपनीच्या एक्सॉन व्हाल्डेझ टँकरचं उदाहरण बघा. मार्च १९८९, अलास्का. टँकर खडकावर आपटला आणि सुमारे १ कोटी १० लाख गॅलन कच्चं तेल प्रिन्स विल्यम साउंड या खाडीत पसरलं. १९९४ साली ज्युरीने ५ अब्ज डॉलर दंडात्मक भरपाई (म्हणजे नुकसानीपलीकडे, शिक्षा म्हणून द्यायची रक्कम) ठरवली. मग अपिलावर अपील. शेवटी २००८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती जेमतेम ५० कोटी ७५ लाख डॉलरवर आणली. दावेदार ३२ हजारांच्या वर. वाट बघता बघता कित्येक जण वारलेसुद्धा.

त्याहून त्रासदायक गोष्ट हेरिंग माशाची. तेल सांडलं १९८९ला, हेरिंगचे थवे कोसळले १९९३ला. तेलामुळे की रोगामुळे, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही. आता तिथल्या कॉर्डोव्हा गावच्या कोळ्याने कोर्टात सिद्ध काय करायचं? मासाच नाही, तर पुरावा कुठून आणणार!

आपल्याकडे मुंबईजवळ ऑगस्ट २०११ मध्ये रॅक कॅरिअर हे कोळशाचं जहाज बुडालं. राष्ट्रीय हरित लवादाने (पर्यावरणाचे खटले ऐकणारं न्यायपीठ) २०१६ साली जहाज कंपनीला १०० कोटींची पर्यावरण भरपाई ठोठावली. आकडा घसघशीत आहे, मान्य. पण ती पर्यावरणाच्या हानीची. कोळीवाड्यातल्या एखाद्या होडीवाल्याचे बुडालेले दिवस त्यात कुठे धरलेत, हे कोणी दाखवेल का?