दाताच्या एका खुर्चीला कसलं आलंय फायर ऑडिट?

गावभाग दंतवैद्य (मूळ पोस्ट):
दहा बाय बाराचा दवाखाना, एक खुर्ची, एक असिस्टंट. बायोमेडिकल कचऱ्याचा करार केला, एक्स-रेची एईआरबीकडे (अणुऊर्जा नियामक मंडळ) नोंदणी केली, आता फायरचा कागद मागतात. भंडाऱ्याचं खापर आमच्या डोक्यावर का? पेशंट बघायचे की फायली?

वंदना सिस्टर, मिरज:
डॉक्टर, वाचून संताप आला म्हणून लांबलचक लिहितेय. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या आगीत दहा बाळं गेली. खापर कसलं म्हणता? तुमच्याकडे आग नाही लागणार कदाचित, पण भुलेच्या इंजेक्शनची रिअॅक्शन आली तर? माझ्या नणंदेला आली, इकडच्याच एका दवाखान्यात. अंगभर गांधी उठल्या, घसा दाटला, श्वास घेता येईना. ऑक्सिजनचा सिलिंडर कोपऱ्यात उभा, पण उघडायची चावी सापडेना. असिस्टंट पोरगी रडत ड्रॉवर उपसतेय. शेजारच्या फिजिशियननं पळत येऊन मांडीत अॅड्रेनलीन दिलं म्हणून आज ती आहे.

गावभाग दंतवैद्य:
वाईट झालं. पण त्यांच्याकडेही कागद असतीलच की! चावी कुठं सापडली? आणि आमच्या लोकलमध्येच, म्हणजे भुलेच्या इंजेक्शनातच, अॅड्रेनलीन असतं.

वंदना सिस्टर:
ते १:८०,००० किंवा त्याहून पातळ. भूल टिकावी, रक्त कमी यावं म्हणून. रिअॅक्शनला १:१००० ची अँप्यूल लागते, मोठ्या माणसाला अर्धा मिली, मांडीच्या स्नायूत. दंतवैद्यानं असं लिहावं याचीच मला भीती वाटते.

गावभाग दंतवैद्य:
मला शिकवू नका.

मारुती चौक:
आगीचं काय घेऊन बसलाय राव? सांगलीत दवाखाने पाण्यानं बुडतात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला धोक्याची पातळी ४५ फूट, २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलं. बायकोची लॅब तळमजल्यावर. मायक्रोस्कोप, सेंट्रिफ्यूज, फ्रीज, सगळं गेलं. त्याहून वाईट म्हणजे गल्लीत लाल-पिवळ्या पिशव्या तरंगत होत्या. सुया, रक्ताचे बोळे. त्याच पाण्यातून माणसं लेकरं खांद्यावर घेऊन चालली होती.

विश्रामबागकर:
पूरपट्ट्यात जागा घ्यायची आणि मग ओरडायचं.

मारुती चौक:
भाड्याची जागा आहे ओ! २००५, २०१९, २०२१, तिन्ही पूर आम्ही अंगावर काढलेत. तुम्ही उंचावर बसून अक्कल शिकवू नका.

विश्रामबागकर:
बरं, पुराचं राहू दे, तेवढं चुकलं माझं. पण फायरचं ऐका. जानेवारी-जुलैला फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा एजन्सीचा दाखला, द्यायचा असतो. आमच्या बिल्डिंगमध्ये एजन्सीचा माणूस जिना न चढता सही करून गेला. आग विझवायच्या सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यात, कागद मात्र हिरवागार.

वंदना सिस्टर:
मग तक्रार त्या सहीची करा, नियमाची कशाला? आणि मारुती चौक, तुमचं खरं आहे. कचरा ४८ तासांच्या वर ठेवायचा नाही, पण पुरात गाडीच येत नाही. पाणी चाळीस फुटांना टेकायच्या आत पिशव्या वरच्या मजल्यावर जायला हव्यात. औषधं, फ्रीज त्यानंतर.

मारुती चौक:
वरचा मजला दुसऱ्याचा. तो सुया घरात घेईल? वॉर्डाला एक उंचावरची खोली ठरवून द्या म्हणून किती वर्षं सांगतोय.

गावभाग दंतवैद्य:
अँप्यूल मागवली. चावी सिलिंडरलाच साखळीनं बांधतो. झालं समाधान? फायरच्या कागदाबद्दल माझं मत तेच आहे.

वंदना सिस्टर:
असू दे. असिस्टंटला मात्र आजच विचारा, खुर्चीतला पेशंट निपचित पडला आणि तुम्ही बाथरूममध्ये असलात, तर ती आधी काय करणार?

मारुती चौक:
आणि त्या खोलीचं?