मदत हवी आहे: विमानाच्या आवाजाने खिडकीची काच तडकते का?

खिडकीतला_राजा
नमस्कार मंडळी. हॉलच्या मोठ्या खिडकीची काच तडकली. दिवाळीतच बसवली होती. काचवाला म्हणतो, "साहेब, विमानाचा आवाज झाला ना, त्याने गेली. त्यात आमची गॅरंटी नसते." आवाज झाला होता हे खरं, पण विमान तर कोणालाच दिसलं नाही. आवाजाने काच फुटते का, हो की नाही एवढंच सांगा. उद्या तो पैसे घ्यायला येतोय.

सुतारपक्षी
कुठलं गाव? कधीचा आवाज? काच किती एमएमची? काहीच नाही लिहिलंत, हो की नाही कसं सांगणार?

खिडकीतला_राजा
नाशिक-सिन्नर पट्टा. मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास. काच नेहमीची असते तशीच.

मोडका_गिअर
तुमच्या बाजूला दगडखाणी आहेत. सुरुंगाचा आवाज असणार. आमच्याकडे रोज दुपारी होतो, भांडी हलतात. विमान-बिमान काही नाही.

खिडकीतला_राजा
सुरुंग आम्हाला कळतो हो, लहानपणापासून ऐकतोय. हा वरून आला. धाड-धाड, दोनदा.

विमानवेडा
दोन आवाज लगोलग झाले का मध्ये दोन-तीन सेकंद गेले? हे फार महत्त्वाचं आहे.

खिडकीतला_राजा
लगोलग. बायकोला वाटलं वरच्या मजल्यावर कपाट पडलं.

विमानवेडा
मग बहुतेक ध्वनीपेक्षा जास्त वेगाने गेलेलं लढाऊ विमान. एक धक्का नाकापाशी तयार होतो, दुसरा शेपटीपाशी. नाकापाशी हवेचा दाब एकदम वाढतो, मग उतरत उतरत नेहमीपेक्षाही खाली जातो आणि शेपटी गेली की झटक्यात पूर्ववत होतो. कानाला फक्त हे दोन झटके कळतात. लढाऊ विमान लांबीला लहान, म्हणून दोन्हींत जेमतेम सेकंदाच्या दहाव्या भागाचं अंतर. अमेरिकेचं स्पेस शटल उतरायचं तेव्हा हेच अंतर अर्ध्या सेकंदाच्या आसपास असायचं.

गावाकडचा_जावई
सोपं आहे. विमानाने ध्वनीची भिंत ओलांडली की त्या क्षणी एकदा धडाका होतो. नंतर शांत. तुमच्या घरावर आलं तेव्हाच नेमकी ओलांडली असणार.

विमानवेडा
नाही हो जावईबापू, हा गैरसमज फार पसरलाय. विमान ध्वनीच्या पुढे आहे तोवर धक्क्याचा शंकू सतत मागे ओढला जातो, होडीमागे पाण्याची लाट येते तसा. शंकूची कड ज्याच्या अंगणावरून गेली, त्याला धडाका तेव्हा ऐकू येतो. सिन्नरवाल्याने ऐकला, मग पुढच्या गावाने, मग त्याच्या पुढच्या. वैमानिकाला मात्र काहीच ऐकू येत नाही.

गावाकडचा_जावई
मग ते पांढऱ्या ढगाचं वलय दिसतं विमानाभोवती, तो फोटो खोटा का?

विमानवेडा
फोटो खरा, अर्थ चुकीचा. दाब आणि तापमान एकदम उतरलं की दमट हवेतल्या वाफेचे बारीक थेंब होऊन ढग होतो. ध्वनीच्या वेगाच्या जरा खालीसुद्धा होतो.

खिडकीतला_राजा
अहो, ढग राहू दे. विमान का दिसलं नाही, ते सांगा! काचवाल्याला तेच विचारायचंय.

विमानवेडा
दिसणार कसं? समजा विमान ११ किमी उंचीवर, ध्वनीच्या दीडपट वेगाने चाललंय. त्या उंचीवर थंडी उणे ५६ अंशांची, म्हणून ध्वनीचा वेग ताशी १०६० किमीच्या आसपास (इथे जमिनीवर १२२५ धरतात). शंकू तुमच्यापर्यंत पोचतो तोवर विमान साधारण १२ किमी पुढे निघून गेलेलं. तुम्ही धडाका ऐकून डोक्यावर बघता, तिथे निळं आकाश. बंगळुरूला २० मे २०२० रोजी हेच झालं. लोकांना भूकंप वाटला. संध्याकाळी खुलासा आला की हवाई दलाच्या चाचणीचं विमान शहराबाहेर ३६ ते ४० हजार फुटांवर होतं आणि असा आवाज ६५ ते ८० किमीवरूनही ऐकू येतो.

आत्याबाई
अवांतर: पोतराजाच्या आसुडाचा फटकारा असतो ना, त्यातही टोक ध्वनीपेक्षा जोरात जातं म्हणून तो 'फाट्' आवाज येतो. आमचे अण्णा वर्गात सांगायचे.

स्लाऊचा_पाटील
आत्याबाई, मस्त! मी लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळ राहायचो तेव्हा कॉन्कॉर्ड, म्हणजे ध्वनीपेक्षा जोरात जाणारं प्रवासी विमान, रोज जायचं. घरं दणाणायची. पण तो इंजिनांचा आवाज, धडाका नव्हे. ध्वनीच्या पुढे ते समुद्रावर गेल्यावरच जायचं. लंडन-बहारीन-सिंगापूर फेरीही होती. भारताने आपल्या हवाई हद्दीत ध्वनीच्या पुढे जाऊ दिलं नाही, १९८० मध्ये ती बंद पडली. पुन्हा बसायला मिळालं नाही, ही खंत.

खिडकीतला_राजा
पाटील साहेब, माझी काच!

सुतारपक्षी
मी येतो काचेवर. २०-२२ वर्षं ॲल्युमिनियम सेक्शनचं (खिडक्यांच्या चौकटींचं) काम करतोय. मोठ्या काचा आवाजाने जातात, पाहिल्यात डोळ्यांनी.

विमानवेडा
उंचावरून गेलेल्या विमानाचा दाब जमिनीवर साधारण ५० ते १०० पास्कल. ताशी ४५ किमीचा वारा काचेवर तेवढाच जोर लावतो. फरक इतकाच की हा एकदम बसतो. धड बसवलेली काच टिकते. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीवर १९६४ मध्ये सहा महिने मुद्दाम रोज आठ-आठ धडाके केले, एकूण १२५३. पहिल्या १४ आठवड्यांत दोन सर्वांत उंच इमारतींच्या १४७ काचा फुटल्या.

सुतारपक्षी
मग मी काय वेगळं म्हणालो? फुटल्याच की!

विमानवेडा
शेकडो धडाक्यांत. इथे एक झालाय. विमान फारच खालून गेलं तर गोष्ट निराळी, पण मग शेजाऱ्यांच्याही गेल्या असत्या. राजे, शेजारी कोणाची काच गेली?

खिडकीतला_राजा
नाही. कोणाचीच नाही.

सुतारपक्षी
तडा कसा आहे? मधून चांदणीसारखा फुटलाय की कडेपासून निघालाय? फोटो टाका.

खिडकीतला_राजा
फोटो जात नाहीये. खालच्या कडेपासून वर वाकडातिकडा गेलाय. कडेशी अगदी सरळ, काटकोनात निघालाय.

सुतारपक्षी
खिडकी पश्चिमेची? वर काळी फिल्म चिकटवलीय?

खिडकीतला_राजा
हो दोन्ही. फिल्म त्यानेच लावली. त्याचा काय संबंध?

सुतारपक्षी
आणि तडा दिसला कधी?

खिडकीतला_राजा
बुधवारी संध्याकाळी.

विमानवेडा
आवाज मंगळवारी सकाळी, तडा बुधवारी संध्याकाळी! हे पहिल्या पोस्टमध्ये नको होतं का?

खिडकीतला_राजा
काचवाला बुधवारीच आला होता, तोच म्हणाला कालच्या आवाजाने. मी आवाजाचं विचारलं, तड्याचं कोणी विचारलंच नाही आत्तापर्यंत.

सुतारपक्षी
ऐका. फिल्ममुळे काचेचा मधला भाग उन्हात तापतो, कडा सेक्शनच्या आत थंड राहतात. मधला भाग फुगायला बघतो, कडा ताणल्या जातात. कापताना कडेला कपची उडालेली असेल तर तिथूनच काटकोनात तडा सुटतो. त्यात काच सेक्शनला घट्ट भिडलेली, रबर नीट नाही, की झालं. मी आवाजाने काचा गेलेल्या पाहिल्यात यावर ठाम आहे, पण ही ती नाही. तो आला की खालची पट्टी काढायला लावा, तड्याच्या मुळाशी कपची दिसते का बघा, आणि खाली रबराचे ठोकळे आहेत का. पट्टी काढल्याशिवाय पैसे देऊ नका.

मोडका_गिअर
मी अजून म्हणतो, सुरुंग.

आत्याबाई
फिल्म कुठून घेतली हो? आमच्याकडे पण दुपारी फार ऊन येतं.

खिडकीतला_राजा
ताई, सध्या घेऊ नका. सुतारपक्षी, पट्टी काढताना उरलेली काच अंगावर येईल का? आणि आज संध्याकाळीच बोलावतो, उद्यापर्यंत थांबत नाही. फोन लावलाय, उचलत नाहीये.

सुतारपक्षी
आधी तड्यावर आडवी-उभी चिकटपट्टी मारा. हातमोजे घाला. मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.