एकाच मशीनवर एमएस ऑफिस आणि लिबरऑफिस: डॉकएक्स फायली कोणाच्या ताब्यात?

कागदीघोडा
विंडोज ११ च्या मशीनवर एमएस ऑफिस २०२१ आहे, ३२ बिट. त्याच मशीनवर लिबरऑफिस (मोफत ऑफिस संच) टाकायचं आहे, कारण एका ठिकाणाहून पत्रं ओडीटीमध्ये (लिबरच्या स्वतःच्या फाइल प्रकारात) येतात आणि तशीच परत पाठवावी लागतात. बाकी काम वर्ड-एक्सेलमध्येच राहील. दोन्ही एकत्र नांदतील का? आणि डॉकएक्सवर (वर्डच्या फाइलवर) डबलक्लिक केलं की राइटर (लिबरमधला वर्डसारखा प्रोग्राम) उघडायला नको, त्यासाठी काय करायचं? आणखी एक. दुसऱ्या एका मशीनवर दोन्ही आहेत. तिथे वर्डमध्ये एका पानात बसणारं मराठी पत्र राइटरमध्ये उघडलं की चार ओळी दुसऱ्या पानावर जातात. असं का होतं?

पानकोबी
नांदतात, आणि बिनघोर नांदतात. दोघांचे फोल्डर वेगळे, सेटिंग्ज वेगळ्या. ३२ आणि ६४ बिट एकत्र चालत नाही हा नियम एमएस ऑफिसच्या स्वतःच्या आवृत्त्यांपुरता आहे. तुमच्या ३२ बिट ऑफिसशेजारी ६४ बिट लिबर खुशाल टाका. डिस्कवर दीडेक जीबी जागा मोकळी ठेवा.

इन्स्टॉल करताना 'टिपिकल' नको, 'कस्टम' निवडा. पुढे फाइल टाइप्सचं पान येतं, तिथे वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंटसमोरच्या खुणा काढलेल्या आहेत ना ते बघा. ओडीटी, ओडीएस या लिबरच्या स्वतःच्या फायली आहेत, त्या त्याच्याकडे जाऊ द्या. मराठी मेनू हवे असतील तर कस्टममध्येच यूजर इंटरफेस भाषांच्या यादीत मराठी निवडता येते.

एवढं करूनही डॉकएक्स राइटरमध्ये उघडली, तर सेटिंग्ज > अ‍ॅप्स > डिफॉल्ट अ‍ॅप्समध्ये जा. वरच्या चौकटीत टिंब देऊन एक्स्टेन्शन (फाइलच्या नावाचं शेपूट, जसं .docx) टाइप करा आणि वर्ड निवडा. विंडोज हा हिशोब एक्स्टेन्शनप्रमाणे ठेवतं, त्यामुळे डॉक, डॉकएक्स, आरटीएफ, एक्सएलएस, एक्सएलएसएक्स असं एकेक करावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण एकदाच.

सीएसव्ही (स्वल्पविरामांनी स्तंभ पाडलेली साध्या मजकुराची फाइल) मात्र मी मुद्दाम कॅल्ककडे (लिबरमधला एक्सेलसारखा प्रोग्राम) देईन. एक्सेल डबलक्लिकवर काहीही न विचारता फाइल उघडतं: खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं सहसा उडतात, आणि मराठी नावांच्या जागी अगम्य चिन्हं दिसू शकतात. कॅल्क आधी विचारतं. कॅरेक्टर सेटमध्ये युनिकोड (यूटीएफ-८) घ्या, खाली नमुन्यात क्रमांकाचा स्तंभ निवडून त्याचा प्रकार 'टेक्स्ट' करा, मग ओके.

एकच फाइल दोन्हीकडे एकदम उघडू नका. नंतर उघडणाऱ्याला ती फक्त वाचायला मिळते. त्यातच बदल करून 'सेव्ह अ‍ॅज' केलं की दोन प्रती होतात, आणि खरी कुठली हे संध्याकाळी शोधत बसावं लागतं.

वेलांटी
चार ओळींचं दुखणं फाँटचं आहे. विंडोज १० पासून मंगल हा देवनागरी फाँट मूळ संचात नाही. तो कोकिळा, अपराजिता, उत्साह यांच्यासोबत 'देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स' या ऑप्शनल फीचरमध्ये येतो. संचात आहे तो निर्मला यूआय. पत्र मंगलमध्ये केलेलं असेल आणि मशीनवर मंगल नसेल, तर प्रत्येक प्रोग्राम आपल्या मनाने पर्यायी फाँट लावतो. मंगलची ओळ उंच असते, त्यामुळे फाँट बदलला की पानाचा हिशोब चुकलाच. ऑप्शनल फीचर्समधून तो संच टाका, दोन्ही प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा.

मग राइटरमध्ये टूल्स > ऑप्शन्स > लँग्वेजेसमध्ये 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'वर (सीटीएल, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांची मांडणी) खूण करून भाषा मराठी ठेवा, हिंदी नव्हे. त्यानंतर राइटरच्या ऑप्शन्समध्ये 'बेसिक फाँट्स (सीटीएल)' दिसू लागेल. देवनागरीचा फाँट आणि आकार तिथे ठरतो, शेजारच्या 'वेस्टर्न' पानावर नाही. वर्डमध्येही फाँटच्या चौकटीत कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्सचा आकार वेगळा असतो. इंग्रजी ११ आणि मराठी १४ असं नकळत होऊन बसतं ते इथेच.

पत्रात इंग्रजी मजकूरही असेल तर अ‍ॅप्टोसकडे लक्ष ठेवा. नव्या वर्डमध्ये कॅलिब्रीच्या जागी हा फाँट आला. तो क्लाउड फाँट आहे, ऑफिस तो स्वतःपुरता उतरवून घेतं. विंडोजच्या फाँट्समध्ये तो नसतो, म्हणून त्याच मशीनवर असूनही राइटरला दिसत नाही. कॅलिब्रीच वापरा, तो दोघांना दिसतो.

कागदीघोडा
मंगल नव्हताच! संच टाकला, पत्र एका पानात आलं. धन्यवाद. आता दोन शंका. कृतिदेव आणि श्रीलिपी या युनिकोडआधीच्या फाँटमधल्या जुन्या फायली राइटरमध्ये उघडल्या तर चालेल? आणि पत्त्यांची यादी अ‍ॅक्सेसमध्ये आहे, ती लिबर बेसला (लिबरमधला अ‍ॅक्सेससारखा प्रोग्राम) जोडून मेल मर्ज (एकाच पत्रात यादीतली नावं-पत्ते आपोआप भरणं) करता येईल?

वेलांटी
फाँट विंडोजमध्ये असेल तर जुन्या फायली दिसतील. धोका टाइप करताना आहे. या फाँटमध्ये आतून रोमन अक्षरंच असतात. ऑटोकरेक्टने वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल केलं की भलतंच मराठी अक्षर उमटतं. सरळ अवतरणचिन्हाचं वळणदार झालं तरी तेच. वर्डमध्ये हे आधीच बंद केलेलं असेल, पण राइटरचं ऑटोकरेक्ट स्वतंत्र आहे. टूल्स > ऑटोकरेक्ट ऑप्शन्समध्ये कॅपिटलच्या दोन्ही ओळी बंद करा, आणि 'लोकलाइज्ड ऑप्शन्स'मध्ये अवतरणांचं 'रिप्लेस' काढा.

पानकोबी
अ‍ॅक्सेसशी मात्र ३२-६४ आडवं येतं. बेस अ‍ॅक्सेसची फाइल मायक्रोसॉफ्टच्या ड्रायव्हरमधून (दोन प्रोग्रामना जोडणारा दुवा) वाचतं, आणि ड्रायव्हर व लिबर एकाच बिटचे असावे लागतात. तुमचं ऑफिस ३२, म्हणून ड्रायव्हरही ३२. ६४ बिट लिबरला तो सापडणार नाही, जोडणीच्या वेळी एरर येईल. यासाठी सगळं ऑफिस काढून पुन्हा टाकायच्या भानगडीत पडू नका. अ‍ॅक्सेसमधून टेबल एक्सएलएसएक्समध्ये एक्स्पोर्ट करा, आणि बेसमध्ये 'कनेक्ट टु अ‍ॅन एक्झिस्टिंग डेटाबेस' > स्प्रेडशीट निवडून ती फाइल जोडा. पहिल्या ओळीत स्तंभांची नावं हवीत. पत्ते बदलले की पुन्हा एक्स्पोर्ट करावं लागेल, तेवढी कटकट आहे.

तिरपीमांजर
जाता जाता: कुणी लिबरऐवजी ओपनऑफिस (असाच दुसरा मोफत संच) सुचवलं तर तुमच्या कामाला ते गैरसोयीचं. लिबर २०१० मध्ये त्यातूनच फुटून निघालं. ओपनऑफिस डॉकएक्स उघडतं, पण डॉकएक्समध्ये सेव्ह करता येत नाही.

कागदीघोडा
मग लिबरच. कस्टममधून टाकलं, डॉकएक्स अजून वर्डकडेच आहे. सीएसव्ही कॅल्कला दिली.