मदत हवी आहे: एक रिव्हॉल्व्हर, दोन सिलेंडर (.३५७ आणि ९ मिमी). कुठलं लावू आणि कुठली काडतुसं घेऊ?

आंबोली

नमस्कार मंडळी. प्रश्न अमेरिकेतला आहे, पण इथे ॲरिझोना-टेक्सासकडचे बरेच जण नेमबाजी करतात हे जुन्या धाग्यांवरून कळलं, म्हणून विचारतेय. थोडं सविस्तर लिहिते, कारण अर्धवट माहितीवर कुणी सल्ला द्यावा असा हा विषय नाही.

मी फिनिक्सजवळ राहते. आमच्या शेजारचे आजोबा गेल्या हिवाळ्यात गेले. सहा वर्षं त्यांच्यासोबत बेन एव्हरी रेंजवर जात होते, नेम धरायला त्यांनीच शिकवलं. काकूंनी त्यांचं रिव्हॉल्व्हर मला दिलं. दुकानात जाऊन रीतसर कागदपत्रं करून घेतली आहेत. रुगर न्यू मॉडेल ब्लॅकहॉक, साडेसहा इंची नळी, सहा बारांचं, वजन सव्वा किलोच्या आसपास. सिंगल ॲक्शन आहे, म्हणजे दर बाराला घोडा अंगठ्याने मागे ओढायचा.

आता मुद्दा. हे 'कन्व्हर्टिबल' आहे, म्हणजे सिलेंडर (काडतुसं भरायचं फिरतं चक्र) बदलून दुसरी काडतुसं उडवता येतात. .३५७ मॅग्नमचं सिलेंडर बसवलेलं होतं आणि ९ मिमीचं दुसरं सिलेंडर लाल कापडी पिशवीत होतं. .३५७ मध्ये .३८ स्पेशलही चालतं, त्यामुळे माझ्यापुढे खरं तर तीन काडतुसं आहेत. आजोबांसोबत मी कायम .३८ च उडवली. पिशवीतलं सिलेंडर कधी पाहिलंच नव्हतं.

मला दोन गोष्टी करायच्या आहेत. एक, दर शनिवारी सराव, साधारण शंभर बार. दोन, फेब्रुवारीतल्या हॅवेलिनाच्या (डुकरासारखं दिसणारं इथलं रानटी जनावर) शिकारीसाठी अर्ज करायचाय. इथे हँडगन, धनुष्यबाण आणि ठासणीची बंदूक एवढ्यांसाठीच वेगळा हंगाम असतो, त्याला 'हॅम' म्हणतात. (ठासणीची बंदूक हे शब्द वाचले आणि माझे सिंधुदुर्गातले आजोबा डोळ्यांसमोर आले. त्यांच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची होती. निवडणूक लागली की ठाण्यात जमा करायची, मग परत आणायची.)

सरावाला ९ मिमी स्वस्त पडतं म्हणून गेल्या शनिवारी ते सिलेंडर लावलं. वाळूच्या पिशवीवर हात टेकवून, २५ यार्डांवर:

.३८ स्पेशल, १४८ ग्रेन (हे गोळीचं वजन) वॉडकटर (सपाट तोंडाची सरावाची गोळी): पाच बार दोन इंचांत.
.३५७, १५८ ग्रेन: अडीच इंच.
९ मिमी, ११५ ग्रेन, दुकानातला साधा डबा: जवळजवळ पाच इंच, तेही तीन इंच खाली.

शिवाय आजोबांनी स्वतः भरलेली ९ मिमीची काडतुसं होती. त्यातली सहा घातली तर दोन फुसके बार निघाले. घोडा पडला, टक् आवाज आला, बस्स.

तर ९ मिमीच्या सिलेंडरमध्ये दोष आहे, काडतुसांमध्ये की माझ्या हातात? मनगट पूर्वी दुखावलेलं आहे, त्यामुळे .३५७ चे शंभर बार मला झेपणार नाहीत. ९ मिमी ही त्यातली 'सौम्य' निवड आहे असं सगळीकडे वाचलं. खरं आहे का? आणि आजोबांनी भरलेले चार डबे कपाटात आहेत. एकावर त्यांच्या अक्षरात '१५८, कडक, फक्त ब्लॅकहॉकसाठी' असं लिहिलंय, बाकीच्यांवर नुसती तारीख. टाकून द्यायला मन होत नाही.

घाटमाथा

ताई, आधी ते चार डबे बाजूला ठेवा आणि त्यातलं एकही काडतूस उडवू नका. दुसऱ्याने भरलेलं काडतूस, त्यात दारू कुठली आणि किती हे माहीत नसताना, कधीच उडवायचं नाही. माणूस कितीही भरवशाचा असला तरी नाही. 'कडक' म्हणजे किती कडक हे सांगायला आता ते नाहीत.

फुसका बार निघाला की लगेच काडतुसं भरायचं गेट उघडून बघायचं नाही. नळी टार्गेटकडेच ठेवून किमान अर्धा मिनिट थांबायचं. कधीकधी दारू उशिरा पेटते. हे तुम्हाला माहीत असेल, पण इथे नवीन लोकही वाचतात.

दुसरं, 'न्यू मॉडेल' हे फ्रेमवर लिहिलेलं आहे का ते बघा. फ्रेमच्या बाजूला तीन स्क्रू दिसले तर १९७३ च्या आधीचं जुनं मॉडेल. दोन पिना दिसल्या तर नवीन. जुन्यात ट्रान्सफर बार (चाप ओढल्याशिवाय बार उडू न देणारा सुरक्षेचा भाग) नव्हता, म्हणून पाचच भरून घोडा सिलेंडरमधल्या रिकाम्या घरावर ठेवावा लागायचा. (जुनं निघालं तर कंपनी ट्रान्सफर बार विनामूल्य बसवून देते आणि काढलेले मूळ भागही परत पाठवते.)

तिसरं, ९ मिमीच्या सिलेंडरवर तीन आकडे कोरलेले असतील. ते फ्रेमवरच्या सिरीयल नंबरच्या शेवटच्या तीन आकड्यांशी जुळतात का? जुळले तर दोन्ही सिलेंडर याच रिव्हॉल्व्हरला लावून तपासलेली आहेत. नाही जुळले तर ते कुठून तरी वेगळं आलंय, आणि गनस्मिथला दाखवल्याशिवाय वापरू नका.

पुंगळीवेचा

मी दहा वर्षं काडतुसं भरतोय, त्यामुळे फुसक्या बारांबद्दल बोलतो.

.३५७ आणि .३८ च्या केसला बुडाशी कडा असते. ती कडा सिलेंडरच्या मागच्या तोंडावर टेकते, म्हणून काडतूस नेमक्या जागी थांबतं. ९ मिमी हे पिस्तुलाचं काडतूस, १९०२ सालचं. त्याला बाहेर आलेली कडाच नाही. ते थांबतं केसच्या तोंडावर: घरात आत एक बारीक पायरी कापलेली असते, तिच्यावर केसचं तोंड टेकतं. आता भरताना ते तोंड गोळीवर जास्त दाबून वळवलं (क्रिंप जास्त केला) तर टेकायला काही उरतच नाही. काडतूस पायरीच्या पुढे सरकतं आणि घोडा पडला तरी प्राइमरला (केसच्या बुडातली, दारू पेटवणारी टोपी) पुरता ठोका बसत नाही.

घरी तपासायची सोपी रीत: फुसक्या बाराचं प्राइमर आणि उडालेल्या पुंगळीचं प्राइमर शेजारी शेजारी धरून उजेडात बघा. फुसक्यावरचा खड्डा उथळ असेल तर हेच कारण. दुकानातली सगळी उडाली ना? मग सिलेंडरवर संशय घेऊ नका.

आता पाच इंचांचं. नळी .३५७ ची आहे. ९ मिमीची गोळी .३५५ इंच. फरक फक्त दोन हजारांश इंचाचा, पण गोळी नळीच्या आतल्या आट्यांमध्ये तितकी घट्ट बसत नाही. शिवाय काडतूस आखूड आणि सिलेंडर लांब, त्यामुळे गोळीला नळीत शिरण्याआधी जवळजवळ अर्धा इंच मोकळं जावं लागतं. एका नळीवर दोन काडतुसं चालवायची तर ही तडजोड आलीच. पण तिच्यातही फरक पडतो. ११५ ऐवजी १२४ आणि १४७ ग्रेनचा एकेक डबा घेऊन बघा. १४७ ची गोळी लांब असते, तिचा आट्यांवर टेकणारा भाग जास्त. माझ्या अनुभवात ती अशा नळीत बरी चालते.

खाली लागतंय त्याचंही कारण तेच. हलकी गोळी लवकर नळीबाहेर पडते, धक्क्याने नळी वर उठायच्या आधीच. जड, संथ गोळी नळीत जास्त वेळ असते, म्हणून वर लागते. यात तुमच्या हाताचा दोष नाही.

आणि 'सौम्य' या शब्दाबद्दल. ९ मिमी आणि .३५७, दोन्हींची कमाल दाबाची मर्यादा सारखीच आहे: ३५,००० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड दाब). ९ मिमीचा धक्का कमी वाटतो तो गोळी हलकी आणि दारू थोडी म्हणून. खरं सौम्य काडतूस .३८ स्पेशल आहे, १७,००० पीएसआय. मनगट दुखत असेल तर .३८ वॉडकटरपेक्षा चांगलं तुम्हाला काही मिळणार नाही, आणि दोन इंच तुम्हीच मारून दाखवलेत.

.३८ ची एकच कटकट. त्याची केस .३५७ पेक्षा आखूड, त्यामुळे घरात पुढे काजळीचं कडं साठतं. शे-दोनशे .३८ नंतर .३५७ घातली तर ती आत जाताना अडतात, नाहीतर पुंगळ्या निघता निघत नाहीत. दर वेळी पितळी ब्रशने सिलेंडर पुढच्या बाजूने घासा. शिकारीला जायच्या आदल्या दिवशी तर नक्कीच.

सोनोरा

हॅवेलिना मी तीनदा मारलाय, एकदा रिव्हॉल्व्हरने. दिसतो डुकरासारखा, वजन वीस-पंचवीस किलो, पण जात वेगळी. नजर अधू, नाक तिखट. वारा तोंडावर घेऊन फड्या निवडुंगाच्या आडून गेलात तर तीस यार्डांपर्यंत पोचता येतं. वारा फिरला की कळप गेलाच.

त्याच्यासाठी .३५७, १५८ ग्रेन, सॉफ्ट पॉइंट (मऊ शिशाच्या टोकाची गोळी). यात दुसरा विचार नको. ९ मिमीने मरतो का? मरतो. पण तुमची ९ मिमी पाच इंचांत विखुरतेय आणि हॅवेलिनाचं काळीज-फुप्फुस एका बशीएवढं. जखमी जनावर निवडुंगात शिरलं की दिवस मावळेपर्यंत शोधत बसावं लागतं, आणि त्याचे हाल होतात ते वेगळेच.

म्हणून सराव .३८ ने करा, पण शेवटचे दोन महिने दर शनिवारी सुरुवातीचे बारा बार .३५७ चे उडवा, हात ताजा असताना. बारा बार मनगटाला झेपतील. कानात प्लग आणि वरून मफ, दोन्ही घाला; .३५७ चा आवाज कानठळ्या बसवणारा असतो. नेम धरायची साइट .३५७ वर लावून ठेवा आणि तिथून .३८ ला किती क्लिक लागतात ते कागदावर लिहून डब्यात ठेवा.

निळासावळा

विषयाला थोडं सोडून. मी एच-१बी वर आहे, फिनिक्समध्येच. ताईंसोबत रेंजवर येऊन दोन बार उडवले तर चालेल का? विकत घ्यायचं नाहीये.

आंबोली

@निळासावळा, माझ्या भावाच्या वेळी हे नीट विचारून घेतलं होतं. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असताना बंदूक विकत घेणंच नाही, हातात घेणंही संघराज्य कायद्याने बंद आहे, भाड्याची किंवा मित्राची असली तरी. काही मोजके अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू शिकार लायसन्स. ते काढा, वकिलाला एकदा विचारा, मग जरूर या. तोवर बघायला या.

बाकी सगळ्यांचे मनापासून आभार. तीन शनिवार गेले, काय झालं ते लिहिते.

फ्रेमवर दोन पिना आहेत, आणि सिलेंडरवरचे तीन आकडे सिरीयलशी जुळले. मोठं ओझं उतरलं. दोन फुसकी काडतुसं आणि दोन पुंगळ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ओळीने मांडल्या. उडालेल्यांवर खोल, गोल खड्डा. फुसक्यांवर नखाने टोचल्यासारखी खूण. पुंगळीवेचा दादांनी सांगितलं तसंच. एकाच्या तोंडाशी केस गोळीत रुतलेली नुसत्या डोळ्यांनी दिसत होती.

मग १२४ आणि १४७ ग्रेन आणून बघितली. १२४ साडेतीन इंच, १४७ तीनच्या आत. मार्करने सिलेंडरच्या घरांवर एक ते सहा आकडे घालून प्रत्येक घराचे पाच बार वेगळ्या कागदावर मारले, एखादं घर वेडंवाकडं फेकतंय का बघायला. सगळी सारखीच. तेव्हा ९ मिमीचं सिलेंडर ठीक आहे. फक्त १४७ चा डबा घेतला तर स्वस्ताईचा मुद्दा बराचसा संपतो.

म्हणून ठरवलं: .३५७ चं सिलेंडर कायम. सुरुवातीला बारा बार १५८ ग्रेन, मग .३८ वॉडकटर, घरी येऊन पितळी ब्रश. अर्ज भरलाय.

आजोबांचे चार डबे गनस्मिथकडे दिले. त्याने एकेक काडतूस सोडवलं. '१५८, कडक' चा डबा सगळा एकसारखा, मोजूनमापून भरलेला. तारखेचे तीन मात्र असे की कुठे दारू कमी, कुठे जास्त, क्रिंप तर प्रत्येकाचा वेगळा. तारखा शेवटच्या हिवाळ्यातल्या आहेत. तेव्हा त्यांचे हात थरथरायचे, कपही दोन्ही हातांनी धरायचे. तरी भरत बसले होते.

रिकामे डबे काकूंना परत नेऊन दिले, फक्त 'कडक' चं लेबल मागून घेतलं. काकूंना विचारलं, ९ मिमीचं सिलेंडर ते कधी लावायचे? त्या म्हणाल्या, नातवंडं आली की. एका दुपारी दोन-दोन डबे संपवायची पोरं, .३५७ परवडलं नसतं. मागच्या उन्हाळ्यातही येणार होती, म्हणून हिवाळ्यापासूनच तयारीला लागले होते.

ते सिलेंडर तेल लावून लाल पिशवीत ठेवलंय. डिसेंबरमध्ये लेक येतेय, तिच्यासाठी ११५ चे दोन डबे आणून ठेवेन.