मोठ्या हॉटेलातलं चायनीज: तुमचा पहिला अनुभव सांगा

माडीवरून
परवा पुतणीच्या साखरपुड्याला सोलापुरात होटगी रोडच्या एका हॉटेलात होतो. जेवण झालं आणि एक पोरगा चिमट्यात धरून गरम नॅपकिन वाटत आला. मी हात पुसले आणि सवयीनं नॅपकिन उलटा करून किनार बघितली. बायको म्हणाली, "झालात तुम्ही पण मामंजींसारखे." तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात फिरतीय.

१९९८ साल. बाबांचे अक्कलकोट रोडला सहा माग होते, टर्किश टॉवेल आणि नॅपकिनचे. मुंबईचा एक व्यापारी माल उचलायचा. त्यानं आम्हा तिघांना, म्हणजे आई, बाबा आणि मला, जेवायला बोलावलं. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं सकाळी मुंबईत उतरलो, दिवसभर मूळजी जेठा मार्केटात फिरलो आणि रात्री एकदम पंचतारांकित. दारातल्या फेटेवाल्यानं सलाम केला तर आईनं त्याला वाकून नमस्कार केला. तो बिचारा गडबडला.

चायनीज म्हणजे मला सात रस्त्याची गाडी माहीत. कढईवर आपटणारा झारा, लाल रंग, पळत ये पळत जा. इथं झाऱ्याचा आवाजच नाही. अंधार, गालिचा, काचेच्या टाकीत मासे. बसतो न बसतो तोच बशीत सुरळी करून ठेवलेला वाफाळता पांढरा नॅपकिन. व्यापारी तोंड पुसायला लागला. आमच्या बाबांनी सुरळी उलगडली, दोन्ही हातांनी ताणली आणि उजेड पुरेना म्हणून मेणबत्तीजवळ नेली. कॅप्टन धावत आला, काही प्रॉब्लेम आहे का सर. बाबा शांतपणे मराठीत, "लूप सुटलेत. किनार एकेरी शिवलीय. चार धुण्यांत पोतेरं होतंय बघा. कुणाचा माल आहे?" तो म्हणाला, पर्चेसला विचारावं लागेल. बाबा म्हणाले, "विचारा की. आम्ही बसलोय."

मी दहावीत. टेबलाखाली जावं वाटत होतं. पुढं काय काय आलं त्यातलं शेंगदाणे घातलेलं चिकन तेवढं आठवतंय, कारण आई म्हणाली, "मुंबईला येऊन शेंगदाणेच खायचे होय?"

तुमचे सांगा. पहिल्यांदा गेलात तेव्हा काय झालं?

कडकभाकरी
लई भारी. डझनाचा भाव सांगितला का काकांनी कॅप्टनला?

माडीवरून
सांगितला. विदाउट टॅक्स.

हुरडापार्टी
फिंगर बोलमधलं लिंबूपाणी प्यायल्याचा किस्सा कुणी लिहू नका प्लीज. सगळ्यांचाच मामा प्यायलाय.

जुळ्यातली
माझा सासरा प्यायला होता, मामा नाही. लिहू का 😄

आमचं लिंगायत घर. पुण्याला नणंदेच्या नवऱ्याला प्रमोशन मिळालं म्हणून मोठ्या हॉटेलातल्या चायनीजमध्ये अकरा जण. गोल टेबल, मधे फिरणारी काच. अव्वा (आजेसासूबाई) ८२ वर्षांच्या. त्यांनी आधी विचारलं, यात काय काय शिजतं त्याच कढईत? वेटरनं खरं सांगितलं. मग अव्वा हात मांडीवर ठेवून बसल्या. आमच्या ह्यांनी मेनू वाचून दाखवला, मशरूम, टोफू, बेबी कॉर्न. अव्वा म्हणाल्या नुसता भात आणि दही आण. चायनीजमध्ये दही कुठलं! पण तो पोरगा गेला, खालच्या मजल्यावरच्या इंडियन किचनमधून वाटीभर दही आणि वेगळ्या पातेल्यातला भात घेऊन आला, बिलात लावलं पण नाही. अव्वांनी त्याचं नाव विचारलं, गाव विचारलं, लग्न झालं का विचारलं. मग

पाणी आलं. नंतर लिहिते

कडकभाकरी
आज कुठं आलं पाणी? आमच्याकडं पाचवा दिवस आहे.

हुरडापार्टी
जुळे सोलापूरला आलंय वाटतं. आमची मोटर पण लावून ठेवतो.

वोकवाला
दोन वर्षं मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलातल्या चायनीजला होतो, आधी सर्व्हिसला आणि नंतर किचनला. मूळ गाव बार्शी. म्हणून दुसऱ्या बाजूचं सांगतो.

नॅपकिन बघणारे काका आम्हाला आवडायचे. न आवडणारे म्हणजे "तुमच्यापेक्षा आमच्या गाडीवर चांगलं मिळतं" म्हणणारे. मालक, गाडीवर आणि इथं वेगळंच काम आहे. तिथली चूल गुडघ्यानं चालते. गुडघ्याजवळ दांडी असते, ती ढकलली की जाळ वर येतो, म्हणजे दोन्ही हात कढईला मोकळे. वर पाण्याचा नळ सतत चालू, कढई धुऊन लगेच पुढची ऑर्डर. पहिल्या महिन्यात माझ्या डाव्या हाताचे केस गेले ते अजून नीट आले नाहीत.

चहाच्या किटलीचं झाकण तिरपं ठेवलं की आम्ही समजायचो, गरम पाणी पाहिजे. कँटोनीज लोक चहा ओतणाऱ्याला धन्यवाद म्हणून दोन बोटं टेबलावर टकटक करतात. एकदा असं कुणी केलं तर नवीन पोरगा बिल घेऊन गेला.

आणि काड्या भातात उभ्या खोचायच्या नाहीत. मेलेल्या माणसापुढच्या भातात उदबत्त्या लावतात तसं दिसतं ते त्यांना. हे ट्रेनिंगमध्ये सांगितलं तेव्हा मला आमच्या आजोबांचा दहावा आठवला, तेव्हापासून कधी विसरलो नाही.

आईंनी खाल्लं ते कुंग पाव असणार. चीनच्या सिचुआन प्रांताच्या एका गव्हर्नरच्या पदवीवरून नाव पडलंय, आणि शेंगदाणे त्यात असायलाच पाहिजेत. म्हणजे सोलापूरकराला तिकडं परकं वाटायचं कारण नाही 🙂

कडकभाकरी
शेजवान म्हणजेच सिचुआन का बे?

वोकवाला
तेच. मुंबईत ताजमधलं गोल्डन ड्रॅगन १९७३ ला सुरू झालं, सिचुआन जेवण आपल्याकडं आणणारं पहिलं तेच. तिथला शब्द घसरत घसरत गाडीवर येईपर्यंत शेजवान झाला. आणि मंचुरियन तर चीनचं नाहीच. १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लबात नेल्सन वाँग यांनी बनवलं. आलं, लसूण, हिरवी मिरची, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि वरून कॉर्नफ्लोअर. आपलाच रस्सा, कोट घातलेला.

समुद्रावरून सोलापुरात
सिचुआन मिरीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. माझं माहेर मालवण. लग्नानंतर पहिल्या वाढदिवसाला नवऱ्यानं पुण्यातल्या मोठ्या हॉटेलात नेलं, हौसेनं. मी उन्हाळ्यानं आणि ह्यांच्या घरच्या काळ्या मसाल्यानं टेकीला आलेली, माहेरची आठवण रोज. कसलातरी टोफू आला, एक घास घेतला आणि जीभ बधिर, ओठ झिणझिण. आणि वास! तिरफळ! आईच्या बांगड्याच्या तिखल्याचा वास, तिथं, त्या एसीत. मी रडायलाच लागले. नवरा घाबरला, त्यानं वेटरला सांगितलं जास्त तिखट झालंय. वेटर साखर घेऊन आला. मला बोलताच येईना की तिखट नाही हो, बांगडा आठवला.

नंतर वाचलं की ती मिरी आणि आपलं तिरफळ एकाच कुळातले. आता सासूबाई पण तिरफळ घालून आमटी खातात, पण झिणझिणलं की "मेली मुंग्या आल्या" म्हणतात.

हुरडापार्टी
ताई, तिरफळं सोलापुरात कुठं मिळतात? बायको मागच्या महिन्यापासून शोधतीय.

समुद्रावरून सोलापुरात
मिळत नाहीत हो. माझा भाऊ पाठवतो. पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करा, मूठभर देते.

निवृत्त मास्तर
सोलापूर आणि चीन म्हटल्यावर अजून एकालाही डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवले नाहीत याचं वाईट वाटलं. जन्म सोलापूरचा, १९१०. १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिकडेच वारले. वय अवघं ३२. भैय्या चौकातल्या स्मारकाला चिनी पाहुणे येऊन जातात, आपण समोरून गाडीवर जातो.

कडकभाकरी
सर, आदर आहे, पण धागा जेवणाचा आहे.

निवृत्त मास्तर
मग ते चार वर्षं तिकडं उपाशी होते काय रे?

कडकभाकरी
🙏 हरलो सर.

जुळ्यातली
भरलं पाणी. हां, तर अव्वा. पोऱ्याचं लग्न झालेलं नव्हतं. अव्वांनी तिथल्या तिथं भाचीच्या मुलीचं स्थळ सुचवलं, आम्ही सगळे मेनूत तोंड घालून बसलो. त्यात आमच्या दिरांनी फिरती काच जोरात फिरवली, त्यांना नूडल्स पाहिजे होत्या. मोठ्या जाऊबाई त्याच वेळी सूप वाढून घेत होत्या. सूप थेट नणंदेच्या नवऱ्याच्या मांडीवर, ज्यांचं प्रमोशन. पांढरी पँट. अव्वा म्हणाल्या, "बघ, म्हणून मी दहीभात घेतला." शेवटी मध घातलेल्या तळलेल्या नूडल्स आणि आईस्क्रीम आलं, ते मात्र अव्वांनी दोनदा मागून घेतलं. कढईचं विचारलं नाही 😂

वोकवाला
हनी नूडल्स. सगळ्या आज्यांची तिथं सुट्टी असते.

माघारपणी
आमचा अनुभव छोटा. गेलो, मेनू बघितला, उजवीकडचे आकडे बघितले. एक सूप चौघांत घेतलं, "घरी पाहुणे आलेत" म्हणून उठलो आणि बाहेर येऊन वडापाव. बायको अजून ते सूप काय सुंदर होतं सांगते. स्वीटकॉर्न होतं हो नुसतं.

हुरडापार्टी
@माडीवरून, मुख्य राहिलं. नॅपकिनची ऑर्डर मिळाली का?

माडीवरून
आत्ता बाबांना सगळा धागा वाचून दाखवला. ८१ चालू आहे, ऐकू कमी येतं, म्हणून ओरडून. आधी मलाच झापलं. नॅपकिन नव्हता म्हणे, हँड टॉवेल होता, साइजच वेगळी. आणि माग सहा नाही, आठ.

ऑर्डरचं असं झालं, कॅप्टननं निघताना खरंच एका चिठ्ठीवर पर्चेसचा पत्ता लिहून दिला होता. हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं. बाबांनी सोलापूरला येऊन एक डझन सॅम्पल पाठवलं, दुहेरी किनारीचं. उत्तर काही आलं नाही. दोन महिन्यांनी व्यापाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, विसरा. त्याच लॉटचे उरलेले दोन आमच्या स्वयंपाकघरात होते, कुकर उतरवायला. आई गेली त्या वर्षापर्यंत चालले.

बाबा आता विचारतायत, त्या होटगी रोडच्या हॉटेलातला कसला होता, लूप होते का?

कडकभाकरी
होते का?

माडीवरून
होते. किनार पण दुहेरी. पण माल आपल्याकडचा नाही वाटला. बाबांना सांगितलं नाही.

जुळ्यातली
दादा, माग अजून चालू आहेत का? धाकट्या दिराचं लग्न आहे मार्गशीर्षात, टॉवेल-टोपीच्या आहेरासाठी पाच डझन लागतील.

माडीवरून
माझे नाहीत, चुलत भावाचे चार आहेत. व्यनि केलाय ताई. पांढरे हवेत का रंगीत?

जुळ्यातली
रंगीत. पांढरे अव्वांना चालत नाहीत शुभकार्याला.